दोन जालने, एक नदी : बागा आणि स्मारकं कुठे टिकतात?

इतिहासाच्या व्याख्यानात बागांचं काय काम, असा प्रश्न आजचा विषय वाचून काही जणांच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. बाग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चार बाकडी, एक घसरगुंडी, फाटकाशी भेळेची गाडी आणि ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी येते. यात इतिहास कुठला?

पण जालन्यात राहणाऱ्यांनी एक शब्द आठवून बघावा. तो शब्द म्हणजे चमन. पुण्याचा माणूस बाग म्हणेल, मुंबईचा गार्डन म्हणेल. जालन्याचा माणूस रिक्षावाल्याला सांगतो, ‘गांधी चमनला सोड.’ चमन हा फारसी शब्द, निजामी राजवटीत इथल्या बोलीत मुरलेला, आणि त्याला जोडलेलं नाव महात्मा गांधींचं. दोन राजवटी एकाच पत्त्यात नांदतायत. शिवाय तिथे लोक फक्त हवा खायला जात नाहीत. उपोषण असो, धरणं असो, मोर्चाची सुरुवात असो, जालन्यात गांधी चमन हे नाव बातमीत येतंच. म्हणजे सार्वजनिक बाग ही झाडांची जागा आहे, तशी बोलण्याची आणि भांडण्याचीही जागा आहे. इतिहास तिथेही घडतो.

आम्ही उद्यानांचे आणि स्मारकांच्या परिसरांचे नकाशे काढणारी माणसं. इंग्रजीतून आलेल्या नावाने लोक आम्हाला लँडस्केप आर्किटेक्ट म्हणतात, मराठीत भूदृश्यरचनाकार असा जरा भारदस्त शब्द आहे. काम मात्र साधं आहे. जमीन कुठून कुठे उतरते, पाणी कुठे साठतं, माणसं कुठून येतात आणि कुठे बसतात हे बघायचं आणि त्याला साजेशी जागा करायची. या नजरेने जालन्याचा इतिहास वाचला, तर आमच्या हाती एक गोष्ट लागते, आणि आज तेवढीच सांगायची आहे. या कोरड्या मुलखात बाग पाण्याच्या मागून येते आणि स्मारक माणसांच्या रोजच्या वावराच्या मागून येतं. हा क्रम उलटा केला की बाग वाळते आणि स्मारकाला कुलूप लागतं.

सुरुवात नदीपासून करू. कुंडलिका काही मोठी नदी नाही. ती पुढे दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. पण या छोट्या नदीने एका शहराची दोन शहरं केली आहेत. एका काठाला कदीम जालना. कदीम म्हणजे जुनं, पोलीस ठाण्याच्या पाटीवर तो शब्द अजून आहे. दुसऱ्या काठाला काद्राबाद, म्हणजेच आपलं नवीन जालना. नवीन म्हणायचं खरं, पण इंग्रजांच्या जुन्या गॅझेटिअरातसुद्धा काद्राबादची नोंद सापडते. नवीन जालना जुन्याच्या मानाने नवीन, एवढंच.

आता दोन वस्त्या नदीच्या दोन काठांवर अशा समोरासमोर का बसतात? याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यातल्या एका लढाईने दिलेलं आहे.

२३ सप्टेंबर १८०३. जिल्ह्याच्या उत्तरेला असई गावाजवळ, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज उभी होती. समोर आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याची फौज बरीच लहान होती आणि मध्ये नदी होती. वाटाड्यांनी सांगितलं, इथे जवळपास उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून बघितलं, तर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं नदीच्या दोन काठांवर अगदी समोरासमोर दिसली. त्याने ताडलं की इतकी जवळ असलेली गावं एकमेकांकडे जाण्यायेण्याची सोय असल्याशिवाय वसणार नाहीत. शोध घेतला, आणि खरोखर तिथे उतार निघाला. त्या उतारावरून फौज पलीकडे गेली आणि लढाईचा रंग पालटला.

लढाईचा निकाल आपल्याला रुचणारा नाही, पण जमीन वाचायची ही रीत लक्षात घेण्यासारखी आहे. समोरासमोर वसलेली दोन गावं म्हणजे मध्ये वाट असणार. जालन्याचंही तेच आहे. जुनं आणि नवीन जालना नदीने तोडलेलं आहे असं आपण म्हणतो. जमीन मात्र सांगते की ही दोन गावं नदीमुळेच जवळ आली. नदी हा इथला मधला चौक होता. पाणी भरायला, गुरं पाजायला, धुणं धुवायला दोन्ही काठांची माणसं तिथेच उतरत. ही गोष्ट जरा बाजूला ठेवू, शेवटी तिच्याकडे यायचं आहे.

आता बागांकडे वळू. शहराच्या पश्चिमेला मोती तलाव आहे, आणि त्याला लागून मोतीबाग. या दोन नावांचा क्रम बघा. आधी तलाव झाला, बाग नंतर आली. तलावाचं काम जमशेदखान या अधिकाऱ्याच्या नावावर सांगितलं जातं. काळी मशीद, तिथला हमाम आणि सराई हीसुद्धा त्याचीच कामं. पण आमच्या दृष्टीने त्याचं सगळ्यात मोठं काम डोळ्यांना दिसत नाही, कारण ते जमिनीखाली होतं. तलावाचं पाणी भूमिगत नळांतून गावात आणलं आणि जागोजागी हौद बांधून ते वाटलं. गावाच्या भरभराटीच्या काळात इथे पाच तलाव होते अशी नोंद गॅझेटिअरात आहे. मोती तलाव आणि मुक्तेश्वर तलाव ही नावं आजही लोकांच्या तोंडी आहेत. जालन्याच्या बागांमधली फळं हैदराबाद आणि मुंबईकडे जात, असंही गॅझेटिअर सांगतं. आज कोणाला खरं वाटणार नाही. पाच तलाव आणि फळबागा या दोन नोंदी जोडून वाचल्या, तर चित्र पुरं होतं. पाणी आधी साठवलं, मग मुरलं, मग विहिरींना आलं आणि मग बागा पिकल्या.

हाच विचार मस्तगडातही दिसतो. १७२५ मध्ये निजाम-उल-मुल्क असफजाहच्या हुकमाने काबिलखानाने हा किल्ला बांधला. त्यात एक मोठी विहीर आहे आणि विहिरीच्या पोटात दालनं आणि सज्जे काढलेले आहेत. उन्हाळ्यात जमिनीखाली पाण्याशेजारी बसायचं, ही गारव्याची इथली युक्ती. पंखा नाही, कूलर नाही. पाणी, दगड आणि सावली यांच्यावरच काम भागवलं.

इथून साठेक किलोमीटरवर, पूर्वीच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, याच काळातले दोन नमुने शेजारी शेजारी बघायला मिळतात. एक बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिचं हे स्मारक १६६० च्या सुमाराचं. मधोमध कबर, चारी बाजूंना आखीव चारबाग, कालवे, कारंजी. दुसरी पाणचक्की, म्हणजे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचा परिसर. हेही स्मरणाचंच ठिकाण. डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणलं, उंचावरून हौदात पाडलं, त्या जोरावर जातं फिरवलं, आणि त्या पिठावर तिथे येणाऱ्या फकिरांची आणि यात्रेकरूंची सोय झाली. हौदाच्या खाली दालन आहे, ते वरच्या पाण्यामुळे गार राहतं. शेजारी भला मोठा वड आहे. एकाच पाण्याकडून चार कामं करून घेतली आहेत.

मकबरा सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आम्हाला शिकायला पाणचक्की जास्त उपयोगी पडते. मकबऱ्याची बाग पाणी मागते. पाणचक्कीत पाणी आधी काम करतं, मग हौदात विसावतं, आणि त्याच्या आधाराने झाड आणि माणूस दोघं बसतात. स्मरणाची जागा रोजच्या उपयोगाची असली की तिला राखायला वेगळा पहारेकरी लागत नाही.

मग हे चित्र बदललं कधी? १८२७ मध्ये जालन्यात छावणी आली. छावणीबरोबर बंगले आले, सरळ रस्ते आले आणि बागेची एक नवी कल्पना आली, ती म्हणजे लॉन, हिरवळ. जिथे वर्षभर रिमझिम पडते अशा इंग्लंडमध्ये हिरवळ आपोआप उगवते, तिला कापावं तेवढं लागतं. आपल्याकडे ती पाणी घालून जगवावी लागते. भारतातल्या छावण्यांमधून आणि कंपनी बागांमधून ही कल्पना नगरपालिकांच्या बागांमध्ये उतरली, आणि राज्य गेलं तरी लॉन राहिलं. आजही एखाद्या बागेचा किंवा स्मारकाचा नकाशा समोर आला, की त्यात पुतळा कोणाचाही असो, भोवती हिरवा रंग फासलेला असतोच.

थोडा हिशेब करू. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात एक चौरस मीटर हिरवळीला दिवसाला सुमारे पाच लिटर पाणी लागतं. हजार चौरस मीटर, म्हणजे साधारण पाव एकर हिरवळ धरली, तर रोजचे ५ हजार लिटर झाले. दहा हजार लिटरचा टँकर दिवसाआड आला. ज्या शहरात मे महिन्यात नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येतं, तिथे हा टँकर कोणाच्या तोंडचा आहे, हा प्रश्न लोक विचारणारच. आणि ते विचारतात तेव्हा पहिल्यांदा बाग वाळते. त्यात माळ्याचा दोष नसतो. नकाशाच चुकलेला असतो.

आता उलटा हिशेब. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. इथे वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे एक एकर जागेवर वर्षाला सुमारे २८ लाख लिटर पाणी आकाशातून येतं. त्यातलं बरंचसं चार महिन्यांत, तेही थोड्या दिवसांत, धो धो येतं आणि गटारातून निघून जातं. जमशेदखानाच्या काळच्या माणसांना हा आकडा माहीत नव्हता, पण गोष्ट माहीत होती. म्हणून त्यांनी आधी तलाव खणले.

ही परंपरा अगदी तुटली असंही नाही. १९३० च्या दशकात, निजामाच्याच राजवटीत, घाणेवाडीचा जलाशय बांधला गेला. नवीन जालन्याला तिथून पाणी येतं ते उताराने, विजेशिवाय. जमिनीचा चढउतार वाचून केलेलं हे काम आहे, आणि नव्वद वर्षांच्या आसपास झाली तरी त्याचा तोल चुकलेला नाही. पुढे तो संत गाडगेबाबा जलाशय झाला. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याने काय सोसलं, ते इथे बसलेल्या अनेकांनी अंगावर काढलंय. त्याच सुमाराला घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या पुढाकाराने लोकांनी तलावातला गाळ काढला आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या रानात नेऊन टाकला. आम्हाला विचाराल, तर हे आधुनिक जालन्यातलं भूदृश्यरचनेचं सगळ्यात मोठं काम आहे. त्याला कोणी पुतळा उभारला नाही, पण तलाव भरला की लोक बघायला जातात. हीच त्याची उद्घाटनं.

इथवर बागांचं झालं. आता स्मारकांकडे येऊ, कारण आजच्या व्याख्यानातली खरी काळजीची गोष्ट तिथे आहे.

भारत स्वतंत्र झाला तेव्हा मराठवाडा स्वतंत्र झाला नव्हता, हे जालन्यात सांगायची गरज नाही, पण दूर बसून ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. हैदराबाद संस्थानावरची पोलीस कारवाई १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्याआधीचं वर्ष रझाकारांच्या दहशतीचं होतं. गावोगावच्या साध्या माणसांनी या लढ्यात उडी घेतली. जालन्याचे हुतात्मा जनार्दन मामा त्यांतलेच, त्यांच्याच नावाने मामा चौक. बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांनी तर हातात शस्त्र घेतलं. टाऊन हॉलच्या आवारातल्या स्मृतिस्तंभाला दरवर्षी १७ सप्टेंबरला मानवंदना दिली जाते.

आता एक साधा हिशेब बघा. १९४८ मध्ये जो वीस वर्षांचा होता, तो आज शंभरीच्या घरात असता. हा लढा डोळ्यांनी बघितलेली माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. आजवर या आठवणी माणसांमध्ये होत्या. आजोबा अंगणात बसून सांगायचे, नातू ऐकायचा. यापुढे सांगणारा माणूस नसेल. मग आठवण ठेवायची जबाबदारी पुस्तकांवर येते आणि जागांवर येते. पुस्तक सगळेच उघडत नाहीत. जागेवरून मात्र सगळेच जातात. म्हणून स्मारकाची जागा कशी आहे, हा शोभेचा प्रश्न राहत नाही. पुढच्या पिढीला काही आठवणार की नाही, हे बरंचसं त्यावर ठरतं.

आणि आपल्याकडे स्मारकं झाली नाहीत असंही नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्र शासनाने राज्यभर हुतात्मा स्मारकं बांधली, दोनशेच्या आसपास. हेतू चांगला होता, त्याबद्दल शंका नको. बहुतेक ठिकाणी साचा सारखाच होता : एक छोटं सभागृह, समोर स्तंभ, भोवती आवार आणि फाटक. कोकणातल्या पावसात जो नकाशा, तोच मराठवाड्याच्या उन्हात. पुढे काय झालं ते आपण बघतो. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि हुतात्म्यांचा दिवस एवढ्यापुरतं कुलूप निघतं, बाकीच्या दिवशी गवत वाढतं. वर्षाचे तीन-चार दिवस धरून आखलेली जागा उरलेल्या तीनशे साठ दिवसांत पडीक होते, त्यात नवल नाही. अंदाजपत्रकात उद्घाटनाचा मंडप असतो, माळ्याचा पगार नसतो.

त्यातच मामा चौकासारख्या जागांचं वेगळं बघा. तिथे फाटक नाही. भाजी घ्यायला, दुकान उघडायला, शाळेत जायला निघालेली माणसं तिथून जातात. त्यांतल्या किती जणांना मामा कोण होते ते सांगता येईल, हा प्रश्न आहेच. पण नाव तरी रोज तोंडात येतं. नाव जिवंत आहे, गोष्ट तेवढी जोडायची आहे. कुलूपबंद स्मारकात गोष्ट भिंतीवर लिहिलेली असते, पण वाचायला कोणी नसतं.

असईचं उदाहरण पुन्हा घेऊ. त्या दिवशी इंग्रजांच्या बाजूची पंधराशेहून अधिक माणसं मारली गेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. तिथे लढलेल्या त्यांच्या काही पलटणींनी असईचं नाव आणि हत्तीचं चिन्ह आपल्या निशाणांवर मिरवलं. म्हणजे हजारो मैलांवर त्यांची आठवण राहिली. आणि शिंद्यांचे गोलंदाज? ते तोफा सोडून हलले नाहीत, असं शत्रूच्या बाजूच्या लोकांनीच लिहून ठेवलंय. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पण त्या दोन नद्या आहेत, तो उतार आहे, ती शेतं आहेत. तिथे उंच स्तंभ उभारण्यापेक्षा नदीकाठाने एक पायवाट आखली, चार ठिकाणी सावली आणि दगडावर कोरलेला नकाशा ठेवला, तर शाळेतलं पोर स्वतःच्या पायांनी ती लढाई वाचेल. अशा ठिकाणी जमीनच साक्षीदार असते. तिला झाकायचं नाही, एवढं आमचं काम.

जागा स्वतः स्मारक होते याचा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा दाखला महाडचा. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली आणि त्यांनी तळ्याचं पाणी प्यायलं. तळं सर्वांना खुलं आहे असा नगरपालिकेचा ठराव आधीच झालेला होता, पण प्रत्यक्षात पाण्याला हात लावू दिला जात नव्हता. पुढे कज्जा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ मध्ये निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला. आज तिथे पुतळा आहे, पायऱ्या आहेत. पण पुतळा नसता तरी चवदार तळं हे स्मारकच राहिलं असतं, कारण झगडा पाण्यापर्यंत पोचण्याचा होता आणि तळ्याच्या पायऱ्या आजही माणसाला पाण्यापर्यंतच नेतात. सार्वजनिक जागा कोणासाठी खुली आहे, हा प्रश्न महाडने कायमचा विचारून ठेवलाय. आम्ही फाटक आखतो, तिकीटखिडकी आखतो, तेव्हा तो प्रश्न आमच्या पेन्सिलीच्या टोकाशी असायला हवा.

परदेशातही असाच धडा मिळतो. व्हिएतनाम युद्धात मेलेल्या सैनिकांसाठी वॉशिंग्टनमध्ये १९८२ साली एक स्मारक झालं. स्पर्धा जिंकणारी माया लिन तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांची विद्यार्थिनी होती. तिने उंच काही उभारलंच नाही. जमिनीला एक काप दिला, त्या कापात काळ्या चकचकीत दगडाची भिंत बसवली आणि तीवर मृतांची नावं मृत्यूच्या क्रमाने कोरली. माणूस उताराने खाली जातो, नावं वाढत जातात, दगडात त्याला स्वतःचा चेहरा दिसतो, आणि पुन्हा तो वर उजेडात येतो. सुरुवातीला यावर खूप टीका झाली. आज लोक तिथे नावावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा उमटवून घरी नेतात. चौथरा बांधला नाही म्हणून हात नावापर्यंत पोचतो.

आणखी एक उदाहरण, ते थेट आपल्या कामाचं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा एक रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड. त्याच्याकडे १८७० च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टन शहराचा एक प्रश्न आला. शहरातल्या एका मंद नदीत मैलापाणी साचत होतं, दुर्गंधी होती, पुराचा त्रास होता. त्याने नदीला भिंतींमध्ये कोंडलं नाही. पुराला पसरायला सखल जागा ठेवली, मैला वेगळा वळवला, काठाने पाणथळीची झाडं लावली आणि त्यातूनच पायवाटा नेल्या. लोकांना बाग मिळाली, शहराला निचरा मिळाला. आज जगभर त्या बागेचं कौतुक होतं, पण मुळात ते गटाराचं काम होतं.

आता आपण बाजूला ठेवलेल्या कुंडलिकेकडे येऊ. दोन जालन्यांच्या मधली ही नदी आज कशी आहे ते पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं, आणि नाकालाही कळतं. शहराने नदीकडे पाठ फिरवली. घरांची पुढची दारं रस्त्याकडे गेली आणि मोऱ्या नदीकडे. जो मधला चौक होता, तो मागचा उकिरडा झाला. २०२३ मध्ये जालन्याची महानगरपालिका झाली. महानगर झालं की मोठं उद्यान हवं, भव्य स्मारक हवं, अशी मागणी येणार. ती चुकीची नाही. आमचं एवढंच म्हणणं आहे की त्याची जागा आणि क्रम इतिहासाने आधीच आखून दिलेला आहे.

पहिलं काम मैलापाणी नदीत जाण्याआधी अडवायचं आणि शुद्ध करायचं. हे झाल्याशिवाय काठावर लावलेली फुलझाडं म्हणजे जखमेवर रांगोळी. दुसरं, पुराची रेषा नदीलाच सोडायची. तिथे पक्कं बांधकाम नको, पाण्याखाली गेलं तरी बिघडणार नाही अशा दगडी पायऱ्या आणि मुरमाच्या वाटा हव्यात. आपल्या काळ्या मातीत फरशी बसवली की उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते, हे इथला कुठलाही गवंडी सांगेल. तिसरं, झाडं इथली लावायची. कडुनिंब, करंज, चिंच, वड, पिंपळ, काठाला उंबर. पहिली तीन वर्षं जगवली की पुढे ती स्वतःची सोय बघतात. हिरवळ ठेवायचीच तर मुलांना लोळता येईल एवढीच ठेवावी, तीही प्रक्रिया केलेल्या पाण्यावर.

मग स्मारक. आम्हाला वाटतं, मुक्तिसंग्रामाचं स्मारक एका आवारात मावणारं नाही, ती एक वाट असायला हवी. टाऊन हॉल, मामा चौक, मस्तगड, मोती तलाव ही ठिकाणं आहेतच. त्यांना नदीकाठाच्या पायवाटेने जोडावं. वाटेवर बसायच्या उंचीचे दगड असावेत, त्यांवर जिल्ह्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांची नावं आणि गावं कोरलेली असावीत, स्त्रियांचीही, आणि लहान मुलाचा हात पोचेल इतकी खाली. सकाळी फिरायला आलेला माणूस दम खायला टेकेल आणि टेकता टेकता एक नाव वाचेल. रोज एक वाचलं तरी वर्षाला तीनशे पासष्ट होतात. मस्तगडाशी बाबासाहेबांचा पुतळा आहे, मोती तलावावर गणपतीचं विसर्जन होतं. म्हणजे या वाटेवर वेगवेगळे समाज वेगवेगळ्या दिवशी आधीच येतात. आपल्याला त्यांना बोलवायचं नाहीये, त्यांच्या पायाखाली चांगली वाट द्यायची आहे.

याला खर्च येणार नाही असं आम्ही म्हणत नाही. पण खर्चाची विभागणी बदलावी लागेल. पुतळ्याची उंची थोडी कमी करून तो पैसा दहा वर्षांच्या माळीकामासाठी ठेवला, तर ती जागा दहा वर्षांनंतरही दिसेल. घाणेवाडीचा गाळ ज्या शहराने स्वतःच्या हिमतीवर काढला, त्या शहराला हे अवघड नाही.

शेवटी एक विनंती. येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला जाल, तेव्हा तीन गोष्टी बघून या. तिथे सावली कुठल्या झाडाची आहे. त्या झाडाला पाणी कुठून मिळतं. आणि १८ तारखेला सकाळी तिथलं फाटक उघडं असतं का. उघडं असेल तर मुलांना घेऊन पुन्हा जा. बंद असेल तर कोणाकडे किल्ली आहे ते विचारा, आणि दर आठवड्याला विचारत राहा.